थोरलीच्या नावावर

आमच्या वडिलांनी शाळेत जेवढी पोरं घातली, ती सगळी एक जूनला जन्मली. पोरगा असो, पोरगी असो, पाटलाच्या घरचं असो की आमच्या वस्तीतलं, तारीख एकच. निरवांगीच्या अलीकडं एक वाडी आहे, तिथल्या शाळेत ते मास्तर होते. एक खोली, एक मास्तर, चार वर्ग. जूनमध्ये शाळा उघडली की बाया पोरांना हाताला धरून आणायच्या. वडील विचारायचे, "कधीचं गं हे?" बाईला तारीख कुठली माहीत असायला? ती म्हणायची, "आमच्या हिरीचं दगड ढासळलं बघा, त्याच्या फुडल्या सुगीत झालं." रजिस्टरात विहीर लिहायला रकाना नाही. मग वडील पोराला उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला लावायचे. बोटं कानाला पोचली की पोर सहा वर्षांचं. एक जून लिहायचं आणि सहा वर्षं मागचं साल टाकायचं. सगळीकडं असंच चालायचं. खुद्द वडिलांची तारीखसुद्धा एक जून होती, ती त्यांच्या मास्तरांनी लिहिलेली.

पण ती विहीर ते वाया जाऊ द्यायचे नाहीत. त्यांची स्वतःची एक वही होती, काळ्या कापडाच्या पाठीची. बाईनं सांगितलेलं सगळं त्या वहीत जायचं. कुणाचा जन्म नदीच्या पुरात, कुणाचा शेजारच्या म्हशीला रेडी झाली त्याच दिवशी. आई म्हणायची, "कशाला डोळं फोडताय? कोण बघणार हाय ते?" वडील म्हणायचे, "रजिस्टर सरकारचं, वही माझी." याच्यापुढं त्यांनी कधी काही सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

मी चौथीपर्यंत शिकले. तेही माझ्या नावावर नाही.

मला एक थोरली बहीण होती. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. पहिलीत होती. दिवाळीनंतर पटकीची साथ आली. तिला एका दुपारी जुलाब सुरू झाले आणि दुसऱ्या दुपारी ती गेली. पंधरा दिवसांनी वडील मला शाळेत घेऊन गेले. माझा हात कानाला पोचत नव्हता. त्यांनी मला हात वर करायलाही लावलं नाही, पोरींच्या ओळीत बसवलं. हजेरी घेताना थोरलीचं नाव आलं. वडिलांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांनी परत नाव घेतलं. मागच्या पोरीनं मला कोपर मारलं. मी म्हणाले, "हजर."

तेव्हापासून मी थोरली आहे. शाळेत, लग्नाच्या पत्रिकेत, सात-बारावर, रेशनकार्डावर. मतदानाचं फोटोचं ओळखपत्र निघालं तेव्हा त्यावर फोटो माझा आणि नाव तिचं. माझं स्वतःचं नाव फक्त आई घ्यायची, तेही घरात. आई गेल्यावर ते कुणी घेतलं नाही. धाकटा भाऊ थोरली गेल्यावर जन्मला, तो मला आक्काच म्हणायचा. त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलं नसेल.

वडिलांनी असं का केलं, याची आई दोन कारणं सांगायची. कधी म्हणायची, रजिस्टरात खाडाखोड केली की दिपोटी विचारतो. दिपोटी म्हणजे शाळा तपासायला येणारा साहेब. पोरींचा पट आधीच चार, त्यातली एक कमी झाली असती. कधी म्हणायची, तुझ्या बापाला तिच्या नावावर रेघ मारवंना. दोन्ही खरं असेल. मला त्या वयात शाळेत बसायला पाट मिळाला, एवढंच कळलं.

दोन्ही नावं मी इथं लिहीत नाही. एक माझं नव्हे आणि दुसरं मला खात्रीनं लिहिता येत नाही.

नव्वद साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. भाऊ तोवर वारला होता. त्याचा मुलगा इंदापुरात कचेरीत कारकून. त्यानं वाडीवरचं धाब्याचं घर पाडून स्लॅबचं काढायचं ठरवलं. संक्रांत झाल्यावर एका दुपारी तो आमच्याकडं कन्हेरीला आला, जीपच्या मागं वडिलांची पत्र्याची पेटी बांधून. ती पेटी मला चांगली ठाऊक. छप्पननंतर आम्ही धम्म घेतला तेव्हा आईनं देव्हाऱ्यातले टाक नदीला सोडले, आणि तो कोनाडा मोकळा झाला म्हणून वडिलांनी पेटी तिथं ठेवली. मग ती तिथंच राहिली.

"आत्या, घर हुईस्तवर पेटी तुमच्याकडं राहू द्या. तितं सगळा सिमेंटचा धुरळा हाय," तो म्हणाला.

"आन् घर झाल्यावर?"

"झाल्यावर बघू. खाली मार्बल टाकणार हाय. पेटी गंजलीय, डाग पडत्यात."

"म्हंजी परत न्यायची न्हाय."

"तुमी लगीच वाकड्यात शिरता," तो हसला. मग खुर्ची पुढं ओढून त्यानं खरी गोष्ट काढली. आजोबांच्या नावानं वाडीच्या शाळेला काचेचं कपाट द्यायचं. त्यात आजोबांच्या वस्तू मांडायच्या. सोबत एक छोटी पुस्तिका छापायची, घराण्याची माहिती आणि वंशावळ. कार्यक्रम एक जूनला, आजोबांच्या जन्मदिवशी. शाळेला सुट्टी असते, खोल्या मोकळ्या असतात.

"तो काय त्यांचा जन्मदिवस न्हवं," मी म्हटलं.

"कागदावर हाय की."

तो गेल्यावर मी पेटी उघडली. चष्मा, एका काडीच्या जागी दोरा. टाक, दौत. शाळेची घंटा म्हणजे रुळाचा तुकडा टांगलेला असायचा, तो वाजवायचा लाकडी टोला. खडूंचा एक डबा, निम्मा भरलेला. रुमाल, म्हणजे डोक्याला बांधायचा. सगळ्यात खाली वही. मला तिच्यातलं एकच पान बघायचं होतं. त्या पानाच्या एका बाजूला थोरली आहे आणि मागच्या बाजूला मी. वडिलांनी मला वहीत तिच्या पाठीमागं लिहिलं. थोरली जन्माला आली होती, हे त्या पानाशिवाय जगात दुसरीकडं कुठं लिहिलेलं नाही. रजिस्टरात ती चौथी पास झालेली आहे. पुढं लग्न होऊन कन्हेरीला नांदलेली आहे. म्हणजे ती मीच. मेलेली पोरगी कुठंच नाही.

पान होतं. शाई तपकिरी झाली होती, पण वाचता येत होतं. मात्र वहीच्या कडेला कसर लागली होती. पुठ्ठ्याला टाचणीएवढी भोकं, आणि हलवलं की भुसा पडायचा.

त्या दिवसापासून मला चैन पडेना. पेटी खाटेखाली ठेवली, तिथं ओल येईल म्हणून धान्याच्या कोठीशेजारी नेली. तिथं उंदीर फिरतात म्हणून मधल्या घरात. तिथं पोरं पाय देतात म्हणून परत खाटेखाली. दिवसातून दोनदा उघडून बघायची. हातातलं काम टाकून उठायची. भाकरी तव्यावर करपली एकदा.

सून म्हणाली, "आई, पेटी हाय का मांजराचं पिल्लू? रोज नवं घर."

"तुला काय करायचंय? तू तुझं बघ."

"माझंच बघतीय. भाकरी मलाच खायचीय ती."

कडुलिंबाचा पाला घालून झाला. कसर हलली नाही. चैत्रात आम्ही वर्षाची तूरडाळ भरली. डाळीला एरंडेल चोळून ठेवतात, म्हणजे कीड लागत नाही. माझ्या सासूनं केलं, मी केलं, आता सून करते. त्या दिवशी डाळ भरून झाली आणि वाटीत थोडं एरंडेल उरलं. मी वही काढली. कापडाच्या पाठीला चोळलं, कडांना चोळलं. भोकं दिसली तिथं बोटानं आत दाबलं. मग सगळं चांगलं मुरावं म्हणून डाळीसारखं ऊन दाखवलं. पत्र्यावर, भर उन्हात, दोन दिवस.

डाळीला जे चालतं ते कागदाला चालत नाही, हे मला त्या वयात कळू नये. मास्तराच्या पोरीला.

तिसऱ्या दिवशी वही उघडली. तेल कडांवरून आत उतरलं होतं आणि उन्हानं पार मधल्या शिवणीपर्यंत गेलं होतं. कागद तेलात बुडवून काढल्यासारखे झाले होते. पानाच्या पुढचं आणि मागचं एकदमच दिसत होतं. सरळ अक्षरं आणि उलटी अक्षरं एकमेकांत घुसलेली. थोरलीच्या पानावर मी तिच्या अंगावरून पालथी गेलेले. पान उलटलं तर मी सुलटी आणि ती पालथी.

मी ते कुणाला सांगितलं नाही. सून रानात गेल्यावर ज्वारीचं पीठ आणून पानापानात भुरभुरलं. पीठ तेल ओढून घेतं. घेतलंही थोडं. पण दुसऱ्या दिवशी पेटीला मुंग्यांची रांग लागली. मग सुनेला सांगावं लागलंच. ती वही बघून हसली नाही, याचं मला बरं वाटलं नाही. हसली असती तर भांडता आलं असतं.

"खडू लावून बघा," ती म्हणाली. "साडीला तेल सांडलं की आमी खडूच चोळतो."

खडू पेटीतच होते. वडिलांनी निवृत्त होताना आणलेले. मी खलबत्त्यात एकेक कुटला आणि पूड पानात घातली, वर पाटा ठेवला. दोन दिवसांनी झटकली, परत घातली. पान जरा सुधारलं. थोरलीची ओळ नीट डोळे लावून बसलं तर लागायची. पण डबा संपला. मी कपाटात मांडायची एक वस्तू मोडून दुसरीला घातली होती, आणि भाचा वस्तूंची यादी मागून गेला होता.

तेवढ्यात यादीची वाट न बघता तोच आला. टाईप केलेली सहा पानं घेऊन. अंगणात खाटेवर बसून त्यानं वाचून दाखवलं. चांगलं लिहिलं होतं. वडील पावसाळ्यात ओढा ओलांडून शाळेला जायचे, पोरींना शाळेत घालायला घरोघर फिरायचे, हे सगळं होतं. मग वंशावळ. "अपत्ये दोन. एक मुलगी, एक मुलगा." दोघांचीही जन्मतारीख एक जून.

"तीन," मी म्हटलं.

"काय तीन?"

"पोरं तीन. माझ्याआधी एक पोरगी हुती. पहिलीत असताना गेली. माझं जे नाव तू लिवलंयस ते तिचं हाय."

त्यानं पानं मांडीवर ठेवली. मग मी त्याला सगळं सांगितलं, जसं वर लिहिलं तसंच. ऐकून झाल्यावर कारकुनासारखा म्हणाला, "मी शाळेत जाऊन रजिस्टर बघितलंय, आत्या. दोनच नोंदी हायत. लिखी काय हाय का तुमच्याकडं?"

"वहीत हाय."

"दाखवा मग. असलं तर छापतो."

वही आणून दाखवण्याचं धाडस मला होईना. मी म्हटलं, "आठ दिसांनी ये. झेरॉक्स काढून ठिवते."

मला वाटलं होतं मशिनीला तरी दोन बाजू वेगळ्या कळत असतील. मी पिशवीत वही घातली आणि एसटीनं बारामतीला गेले. स्टँडजवळ झेरॉक्सची दुकानं नवी नवी निघाली होती. एका दुकानात काउंटरवर वही ठेवली. दुकानदारानं पान उलटलं, बोटं नाकाला लावली.

"आजी, भजी गुंडाळली हुती का ह्यात?"

"भजी न्हाय. एरंडेल हाय."

"वहीला जुलाब द्यायचा हुता व्हय?"

"तू झेरॉक्स काढ. लई शाणपणा करू नगंस."

त्यानं काढली. कागदावर काळी जाळी आली, कोळी चालून गेल्यासारखी. त्यानं मागं पांढरा कागद लावून काढली, मग काळा कागद लावून काढली. दुसऱ्या वेळी जरा बरी आली, पण ती मला एकटीलाच वाचता आली असती. मशीन तापली म्हणून तो पंखा लावून बसला. तोही शेवटी गंभीर झाला होता. म्हणाला, "कुणाचं हाय हे?"

"बहिणीचं."

"त्यांनाच इचारा की मग, काय लिवलंय."

मी वही पिशवीत घातली. स्टँडवर कन्हेरीची गाडी लागलेली होती, मी चढले नाही. इंदापूरच्या फलाटावर जाऊन उभी राहिले, तिथूनही परत आले. कुठं जायचं ते ठरत नव्हतं. दोन गाड्या गेल्यावर एका कंडक्टरनं विचारलं, "आजी, चुकला का?" मी म्हटलं, "न्हाय." आणि चालत कन्हेरीचा रस्ता धरला. फार लांब नाही. ऊन होतं.

भाचा आठ दिवसांनी आला. मी वही त्याच्यासमोर ठेवली. त्यानं पान बघितलं, मग माझ्याकडं.

"ह्ये कुणी केलं?"

"मी."

"आत्या, साठ वर्षं ही वही नीट हुती."

"व्हय. माझ्याकडं आली आन् दोन महिन्यात हे झालं. खडूबी सगळं ह्यातच गेलं. आता बोलून काय हुणार हाय? दारात ये, उजेडाला."

आम्ही दोघं उंबऱ्यात बसलो. मी पान धरलं, त्यानं चष्मा लावला. मी बोट ठेवायचे तेवढंच अक्षर वाचायचं, उलटी अक्षरं सोडून द्यायची, असं सांगितलं. पहिली ओळ लागायला वेळ गेला. मग तो एकेक शब्द उचलायला लागला. थोरलीचं नाव. "बाजरी खुडायला आली तेव्हा. मंगळवार. दिवस कासराभर वर." त्याच्या खाली, वेगळ्या शाईत, "वारली." वडिलांनी त्यापुढं काही लिहिलेलं नाही.

"उलट आता," मी म्हटलं.

त्यानं पान उलटलं. इथं त्याला जास्त जमलं. "नदीला दुसऱ्यांदा पाणी आलं त्या आठवड्यात. पहाटे. अशक्त." मग शेवटची ओळ त्यानं दोनदा वाचली, आधी मनात आणि मग मोठ्यानं. "हिला थोरलीच्या नावावर घातली."

वर सुरुवातीला नाव होतं, ते त्यानं सोडलं होतं. आता त्यानं तिथं बोट नेलं, अक्षर अक्षर जुळवलं आणि नाव उच्चारलं. माझं. आई गेल्यापासून ते कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. त्यानं परत म्हटलं, जरा विचारल्यासारखं, आणि माझ्याकडं बघत राहिला.

मी ओ दिली नाही. सवय राहिली नव्हती.

"आता छापशील न्हवं?" मी म्हटलं.

तो उठून अंगणात गेला. परत आला. "आत्या, ह्ये छापायचं म्हंजी आजोबांनी रजिस्टरात खोटं केलं असं छापायचं. त्यांच्याच शाळंत. पावण्यांच्या पुढं. वर त्यांचं नाव कपाटावर."

"खोटं केलं हुतं."

"तुमच्या बापाचं हाय, तुमाला कसं काय वाटत न्हाय?"

"माझ्या बापानं सोताच्या हातानं वहीत लिवून ठिवलंय. त्येला लाज वाटली न्हाय, तर तुला कशी वाटती?"

"त्यांनी घरातल्या वहीत लिवलं. मला छापाय सांगताय." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आन् मजकूर प्रेसला गेलाय."

"कवा?"

"सोमवारी."

म्हणजे आठ दिवस थांबायचं कबूल करून तो सोमवारीच देऊन आला होता. मी वही मिटली. "मग वही कपाटाला मिळायची न्हाय."

"वही न्हाय तर कपाटात ठिवू काय? चष्मा आन् टोला? खडूबी संपवलेत तुमी."

"रिकामं दे. काच पुसाय सोपी जाईल."

तो न जेवता गेला. सुनेनं आमरस केला होता त्याच्यासाठी.

त्यानंतरचे दिवस मी नीट बसले नाही. मुलगा म्हणाला, जाऊ दे ना, काय करायचं मेलेल्या पोरीचं नाव छापून, तिला काय वाचायचंय? बरोबरच होतं त्याचं. तिला काही वाचायचं नव्हतं. पण मी साठ वर्षं तिच्या नावाला ओ देत आले, आणि माझ्यामागं कुणी पुस्तिका उघडली तर त्याला वाटणार ती म्हातारी होऊन मेली. हे मला चालत नव्हतं. का ते मला अजून सांगता येत नाही. रेशनकार्डावर चाललं होतं.

एक जूनला मी पहाटेच उठले आणि पहिल्या गाडीनं निघाले. पेटी भाच्यानं आधीच माणूस पाठवून नेली होती, वही तेवढी मी ठेवून घेतली होती. ती पिशवीत होती. वाडीच्या फाट्यावर उतरून चालत शाळेत पोचले तेव्हा मांडवाचं कापड बांधायचं चाललं होतं. कपाट व्हरांड्यात उभं केलेलं, नवीन रंगाचा वास. आत रुमाल घडी घालून ठेवला होता, त्यावर चष्मा, शेजारी टोला. मधल्या खणात जागा सोडली होती. ती वहीची.

बाकावर पुस्तिकांचा गठ्ठा सुतळीनं बांधलेला. मी सुतळी सोडली. वंशावळीचं पान काढलं. अपत्ये दोन.

शाळेवरची बाई, वयानं माझ्या नातीएवढी, पताका कापत बसली होती. तिच्याकडं बॉलपेन मागितलं. बाकावर बसले आणि पहिल्या पुस्तिकेत "दोन" वर रेघ मारली, वर "तीन" लिहिलं. खाली मोकळी जागा होती तिथं थोरलीचं नाव लिहिलं, पुढं "पहिलीत असताना पटकीनं वारली. धाकटी तिच्या नावावर चौथी शिकली." पुस्तिका बाजूला ठेवली, दुसरी घेतली. माझं अक्षर मोठं आहे, ओळ समासात जायची. हात दुखायला लागला, पण गठ्ठ्यातल्या बऱ्याच झाल्या होत्या तेव्हा भाचा आला.

"आत्या, काय करताय?"

"तपासतीय."

त्यानं एक उचलली, वाचली. कान लाल झाले त्याचे. बाई पताका कापायची थांबली.

"लोकं याय लागलीत," तो हळू म्हणाला.

"येऊ देत. अजून लई राहिल्यात."

"सगळ्या लिवणार तुमी?"

"मग? तू छापलं असतंस तर मला ह्या वयात शाळंत बसाय लागलं असतं का?"

तो उभा राहिला. मांडवाकडं बघितलं. दोघं-तिघं म्हातारे आले होते, वडिलांच्या हाताखाली शिकलेले, सगळे एक जूनचे. मग त्यानं खिशाचं पेन काढलं, माझ्याशेजारी बाकावर बसला आणि उरलेल्यांतल्या निम्म्या आपल्याकडं ओढल्या. त्याचं अक्षर बारीक, कचेरीतलं. दोन पुस्तिका झाल्यावर थांबला.

"थोरलीचं नाव हाय. धाकटीला नुसतंच धाकटी?"

"मग काय?"

"नाव घालाय पायजे की. वंशावळ हाय ती. माझ्या बापाचं हाय, तिचं हाय, तुमचं न्हाय."

"घाल तर मग."

त्यानं पेन टेकवलं आणि परत उचललं. "वेलांटी पहिली का दुसरी?"

मी विचार केला. मला ते नाव ऐकून ठाऊक. लिहायला शिकले तेव्हा मी थोरली झाले होते, तिचंच नाव पाटीवर गिरवलं. माझं मी कधीच लिहिलं नव्हतं. एकदासुद्धा.

"वहीत बघ," मी म्हटलं.

पिशवीतून वही काढली. आम्ही पान धरलं, बाईपण येऊन वाकली. तिथंच नेमकी थोरलीची वेलांटी मागून येऊन बसली होती. पहिली वेलांटी मागून बघितली की दुसरी दिसते आणि दुसरी मागून बघितली की पहिली. दोन्ही बाजूंना दोन्ही उभ्या. माझी कोणती आणि तिची कोणती, तिघांनाही सांगता येईना. बाईनं व्याकरणाचा नियम सांगितला. पण वडील नियमानं लिहायचे की बोलतात तसं, ते आता कोण सांगणार? व्हरांड्यातल्या म्हाताऱ्यांना विचारलं तर ते म्हणाले, "गुरुजी गेले की ओ."

"कुठलीबी दे," मी म्हटलं. "एक जून चालतंय तर हेबी चालंल."

"चुकीचं पडलं तर?"

"पडू दे."

पण तोही मास्तराचाच नातू. त्याला तसं जमेना. तो लिहीत राहिला, मीही लिहीत राहिले, आणि लोक बसून कंटाळले तसं कुणीतरी दोनदा खोकलं. माझ्या हातून झालेल्या पुस्तिका त्यानं परत घेऊन त्यांत माझं नाव भरलं. गठ्ठा संपला तेव्हा मी वही त्याच्या हातात दिली. त्यानं कपाट उघडलं, मधल्या खणात वही ठेवली, पान उघडलं आणि विचारलं, "कुठली बाजू वर ठिवू?"

"कुठलीबी ठेव. दोनी दिसत्यात."

भाषणं झाली. चहा झाला. परतीच्या गाडीत मी माझ्या वाटणीची पुस्तिका उघडली, मग सुनेसाठी घेतलेली उघडली, तेव्हा त्यानं काय केलं होतं ते कळलं. निम्म्या पुस्तिकांत मी ऱ्हस्व आहे आणि निम्म्यांत दीर्घ.